‘फॉरमॅट मारला’ म्हणजे काय गेले?

संगणक बिघडला की आपल्याकडे एकच सल्ला मिळतो: फॉरमॅट मारून टाका. दुकानदार तो देतो, शेजारचा इंजिनिअर मुलगा देतो, पुण्याचा भाचा फोनवरून देतो. या सल्ल्यामागे एक मत आहे आणि ते इतके सर्वमान्य झाले आहे की कोणी ते उलटून पाहत नाही. आपला डेटा तेवढा सांभाळावा, म्हणजे फोटो, पत्रे, हिशेब. विंडोजचे काय, ती अर्ध्या तासात पुन्हा टाकता येते. यातले प्रत्येक विधान सुटे घेतले तर बरोबर आहे. विंडोज खरोखरच अर्ध्या तासात पडते. चूक आहे ती दोन्ही विधानांच्या पोटातल्या गृहीतकात. संगणकातून डेटा वजा केला की विंडोज उरते, असे आपण धरून चालतो.

माझे म्हणणे दोन टप्प्यांचे आहे. पहिला टप्पा: डेटा आणि विंडोज यांच्याखेरीज घरच्या संगणकात तिसरी एक गोष्ट असते, ती म्हणजे वर्षानुवर्षे वापरून बसलेली घडी. ती कुठल्या सीडीवर मिळत नाही, आणि फॉरमॅट मारल्यावर जाते ती हीच. दुसरा टप्पा: ही घडी जपली गेली की नाही, हे बॅकअप घेताना कळत नाही; परत उभी करतानाच कळते. म्हणून ज्याने एकदाही रिस्टोअर करून पाहिलेले नाही, त्याच्यापाशी बॅकअप आहे असे मी मानत नाही. त्याच्यापाशी एक मोठी फाइल आहे.

मी पन्हाळ्यावर राहतो, म्हणून हा प्रश्न मला शहरातल्या माणसापेक्षा जरा लवकर पडला असेल. कोल्हापूर वीसेक किलोमीटरवर, पण दुरुस्ती खाली आणि आम्ही वर. वाघबिळाकडून चढणारा मुख्य रस्ता २०२१ च्या जुलैत अतिवृष्टीने खचला, तेव्हा वाहने थेट गडावर येईनाशी झाली. वळवाचा पाऊस सुरू झाला की घराघरांत प्लग उपसले जातात. आषाढात धुके खिडकीतून आत येते आणि कपाटातल्या पुस्तकांना ओल धरते. अशा ठिकाणी ‘बिघडले तर बघू’ याचा अर्थ शहरापेक्षा बराच लांबलचक होतो.

वजाबाकीनंतर काय उरते

विंडोज ही जगभर सगळ्यांना सारखी मिळणारी वस्तू आहे. तिची प्रत जपण्यात काही अर्थ नाही. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती कोणालाही उतरवता येते. पण पाच वर्षे वापरलेल्या मशिनवर काय काय असते ते पाहा. प्रिंटरचा तो एकच ड्रायव्हर, जो तीन प्रयत्नांनंतर चालला होता. डिजिटल सहीच्या टोकनचे सॉफ्टवेअर. टॅलीचे लायसन्स आणि बिलाचा बसवलेला नमुना. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड. मराठी कीबोर्डची मांडणी. होमस्टे चालवणाऱ्याकडे पाहुण्यांच्या नोंदीची वही, तिच्या आतली सूत्रे आणि छपाईचे माप. यातली एकेक गोष्ट किरकोळ. सगळ्या मिळून त्या माणसाचे काम चालते.

ही घडी फोल्डर उचलून नेता येत नाही, याला तांत्रिक कारण आहे. विंडोजवर प्रोग्रॅम टाकला की त्याच्या फाइली एका ठिकाणी जातात, पण त्याच्या नोंदी रजिस्ट्री नावाच्या मध्यवर्ती दप्तरात होतात. काही भाग सिस्टीमच्या फोल्डरांत, काही वापरकर्त्याच्या लपलेल्या फोल्डरात जातो. म्हणून ‘प्रोग्रॅम फाइल्स’चे अख्खे फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन नव्या विंडोजमध्ये चिकटवले तरी बहुतेक प्रोग्रॅम उघडत नाहीत. माणूस आला, पण त्याचे नाव यादीत नाही.

दुकानात विचारतात, ‘सी ड्राइव्हमध्ये काही महत्त्वाचे आहे का?’ आणि गिऱ्हाईक निर्धास्तपणे सांगते, ‘नाही, सगळे डेस्कटॉपवर आहे.’ डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो. हा विनोद दरवर्षी किती घरांत घडत असेल कोण जाणे. पण जिथे तो घडत नाही, जिथे दुरुस्तीवाला काळजीने सगळ्या फाइली बाजूला काढतो, तिथेही माझा मुद्दा टिकतो. माझा स्वतःचा संगणक एकदा असाच ‘नीट होऊन’ आला. एकही फाइल गेली नव्हती. पूर्वीसारखे काम सुरू व्हायला अकरा दिवस लागले.

मग मोजायचे काय? आपण जीबी मोजतो. गडावर येणारे पाहुणे अंबरखान्यात जातात, गंगा कोठी पाहून थक्क होतात आणि गाइडला विचारतात की यात धान्य किती खंडी मावत असे. वेढ्यात अडकलेल्या किल्लेदाराचा प्रश्न वेगळा असणार: हे किती दिवस पुरेल? १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून जुलैपर्यंत चालला. तिथे खंडीचा आकडा दिवसांत बदलून घेतल्याशिवाय कामाचा नव्हता. बॅकअपचेही एकक वेळ हेच हवे. आज रात्री डिस्क मेली तर मी कामाला पुन्हा कधी बसेन? आणि मागच्या किती दिवसांचे काम पुन्हा करावे लागेल? या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी आहेत त्याला जीबी आपोआप कळतात.

मराठी घरातला पुरावा

डेटा वेगळा, सिस्टीम वेगळी, ही रेघ इंग्रजीत काम करणाऱ्याच्या घरात निदान काही अंशी टिकते. मराठी घरात ती पहिल्याच फाइलला पुसली जाते.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून, म्हणजे पहिल्या आवृत्तीपासून आहे. पण आपली छपाई, आपले अहवाल, लग्नपत्रिका, दिवाळी अंक त्यानंतरही कितीतरी वर्षे जुन्या फॉन्टांत होत राहिले: पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम, आकृती, कृतिदेव. या फॉन्टांची युक्ती अशी होती की रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रे बसवायची. फाइलीत प्रत्यक्षात साठते ते रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे कडबोळे. तो विशिष्ट फॉन्ट मशिनवर आहे तोवरच ते कडबोळे मराठी दिसते.

आता फॉरमॅट मारून पाहा. आजोबांच्या आठवणींची दोनशे पानांची फाइल डी ड्राइव्हवर सुखरूप आहे. ती उघडली की समोर येते निरर्थक चिन्हांची रांग. फाइलचा एकही बाइट गेलेला नाही आणि तरी मजकूर गेला आहे. फॉन्ट परत टाकू म्हणाल, तर श्रीलिपीच्या अनेक प्रतींना डोंगल लागते. डोंगल सापडले तर त्याचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर बसेलच असे नाही. पेजमेकरमध्ये पाने लावली असतील, तर त्याची सातवी आणि शेवटची आवृत्ती २००१ ची आहे; तिची सीडी कोणाकडे असेल आणि ती वाचायला सीडी ड्राइव्ह कोणाकडे? युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत आणि ती वापरावीतच, पण रफार, जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी यांत ती अडखळतात आणि प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावे लागते.

म्हणजे ज्याला आपण डेटा म्हटले, त्याचा अर्धा भाग सिस्टीममध्ये राहत होता. अशा मशिनच्या अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, म्हणजे इमेज, घेऊन ठेवलेली असेल, तर जुने यंत्र मोडीत गेल्यावरही ती नव्या संगणकाच्या पोटात आभासी मशिन म्हणून पुष्कळदा चालवता येते, आणि पेजमेकरची फाइल तिच्या मूळ घरात उघडते. मराठीच्या एका पिढीचा छपाईपूर्व मजकूर अशा मशिनांवर पडून आहे, आणि त्यातली बरीच मशिने ‘स्लो झाले’ एवढ्याच कारणाने रोज पुसली जात आहेत.

तीन औषधे, तीन वेगळे रोग

सर्वमान्य मत उथळ राहते त्याचे आणखी एक कारण शब्दांच्या गोंधळात आहे. विंडोजमध्ये रिस्टोअर, रीसेट, बॅकअप असे शब्द इतक्या ठिकाणी आणि इतक्या अर्थांनी येतात की माणसाला वाटते आपण काहीतरी चालू केले आहे, म्हणजे आपण सुरक्षित आहोत.

सिस्टीम रिस्टोअर २००० साली विंडोज मिलेनियमबरोबर आले. ते सिस्टीमच्या फाइली, ड्रायव्हर आणि रजिस्ट्री मागच्या एखाद्या तारखेला नेते. काल टाकलेल्या ड्रायव्हरने गोंधळ केला तर ते उत्तम औषध आहे. पण ते बऱ्याच मशिनवर मुळात बंद असते, वैयक्तिक फाइलींना हात लावत नाही, आणि त्याचे सगळे बिंदू त्याच डिस्कवर असतात. डिस्क गेली की तेही गेले. खंडणीखोर व्हायरस तर शिरल्याबरोबर आधी हे बिंदू, म्हणजे डिस्कच्या सावलीप्रती, पुसतात, मग फाइलींना कुलूप घालतात.

‘रीसेट धिस पीसी’ म्हणजे सभ्य भाषेतला फॉरमॅट. त्यात ‘माझ्या फाइली ठेवा’ असा पर्याय आहे, आणि तो शब्दाला जागतो: फाइली ठेवतो, बाहेरून टाकलेले सगळे प्रोग्रॅम काढून टाकतो. घडी मोडण्याचे काम इथे अधिकृतपणे होते.

विंडोज ११ मधले ‘विंडोज बॅकअप’ नावाचे ॲप काही सेटिंग, ॲपची यादी आणि वनड्राइव्हमध्ये मावतील तेवढी फोल्डरे घेते. फुकटची जागा ५ जीबी. नव्या मशिनवर ते तुमच्या जुन्या प्रोग्रॅमची चित्रे तुम्हाला दाखवते. डेस्कटॉपचा प्रोग्रॅम तुम्हीच पुन्हा मिळवून टाकायचा. नावात बॅकअप आहे, एवढेच.

या तिन्हींपेक्षा वेगळी गोष्ट म्हणजे इमेज: चालू डिस्कचे, तिच्यावरच्या सगळ्या विभागांसह घेतलेले ठसारूप. ‘सगळ्या विभागांसह’ हे शब्द महत्त्वाचे. आजच्या मशिनवर सी ड्राइव्हच्या आजूबाजूला डोळ्यांना न दिसणारे छोटे विभाग असतात. साधारण शंभर-अडीचशे एमबीचा एक, ज्याच्यामुळे मशिन बूट होते. आणि एक दुरुस्तीचा विभाग. तो दुरुस्तीचा विभाग छोटा पडल्यामुळे जानेवारी २०२४ चे विंडोज १० चे एक अपडेट असंख्य मशिनवर बसलेच नाही, तेव्हा लोकांना पहिल्यांदा त्याचे अस्तित्व कळले. नुसत्या सी ड्राइव्हची प्रत घेणाऱ्याला परत उभे करताना कळते की घर आहे, पण उंबरठाच नाही.

मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे इमेज घेणारे साधन कंट्रोल पॅनेलमध्ये अजून आहे. त्याच्या नावात ‘विंडोज ७’ आहे, आणि २०१७ मध्येच कंपनीने ते मोडीत काढणार असल्याचे जाहीर करून लोकांना दुसऱ्यांची साधने वापरायला सांगितले. मॅक्रियम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ती २०२४ उजाडता बंद झाली. तैवानमध्ये तयार झालेले क्लोनझिला आणि त्याच जातीचे पण माउसने चालणारे रेस्क्यूझिला फुकट आहेत आणि पेनड्राइव्हवरून चालतात. मी रेस्क्यूझिला वापरतो. सुंदर नाही, पण काम सांगितल्याप्रमाणे करते.

परतीची वाट

आता दुसरा टप्पा, आणि माझ्या मते खरा वादाचा मुद्दा हा आहे. इमेज घेतली, बाहेरच्या डिस्कवर ठेवली, एवढ्याने काय सिद्ध झाले? प्रत घेता येते, हे सिद्ध झाले. परत येता येते, हे अजून सिद्ध व्हायचे आहे.

पन्हाळ्याच्या वेढ्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: शिवा काशीद, पालखी, घोडखिंड, बाजीप्रभू. त्यातला एक तपशील सांगताना घाईत सुटतो. महाराज ज्या विशाळगडाकडे निघाले होते, त्यालाही सुर्वे आणि दळवी यांचा वेढा पडलेला होता. दुसरे ठिकाण आधीपासून हाताशी होते, तरी त्याच्या दारात पुन्हा लढावे लागले. दुसरी जागा आहे आणि तिथे पोचण्याची वाट मोकळी आहे, ही दोन वेगळी विधाने आहेत.

संगणकाच्या बाबतीत ही वाट अगदी क्षुल्लक गोष्टीने अडते. अलीकडच्या अनेक इंटेल लॅपटॉपवर डिस्क एका खास कंट्रोलरच्या मागे असते. विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह लावला तर त्याला डिस्क दिसतच नाही, कारण तो ड्रायव्हर त्याच्यात नसतो. नवी डिस्क जुनीपेक्षा थोडी जरी लहान असली तरी क्लोनझिला सहसा इमेज बसवायला नकार देतो, भले आतला डेटा निम्माच असो. जुनी आणि नवी जुळी डिस्क एकाच वेळी जोडली तर दोघींची ओळखखूण एकच म्हणून विंडोज एकीला बाजूला बसवते. बूट करताना एफ १२ दाबायचे की एफ ९ की एस्केप, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे. यातली एकही अडचण मोठी नाही. पण संकटाच्या रात्री, वीज येत-जात असताना, पहिल्यांदाच भेटली तर ती मोठी होते.

शिवाय प्रत स्वतःच बिघडू शकते. ही गोष्ट आपल्याला नवी नसावी. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखित प्रती पुष्कळ होत्या, घराघरांत होत्या, आणि तरीही शके १५०६ मध्ये एकनाथांना पाठ शुद्ध करायला बसावे लागले. प्रतींची संख्या वाढली म्हणजे ग्रंथ सुरक्षित झाला असे नाही. प्रतीवरून प्रत करताना कोणी ताडून पाहिले नाही तर चूकही तितक्याच इमानाने पुढे जाते. इमेजच्या साधनांत पडताळणीचा पर्याय असतो. त्याला वेळ लागतो म्हणून लोक तो काढून ठेवतात. तो ठेवावा. पण पडताळणी फक्त एवढेच सांगते की फाइल लिहिली तशीच वाचता येते. मशिन उभे राहील की नाही ते सांगत नाही.

ते पाहायचा एक मार्ग धोक्याचा आहे. एकुलत्या एका डिस्कवर रिस्टोअर करून बघणे म्हणजे दोर बळकट आहे का हे दरीत उतरून पाहणे. शहाणा मार्ग असा: मूळ डिस्कएवढी किंवा मोठी एक साधी एसएसडी घ्यावी, मूळ डिस्क काढून ठेवावी, नवी बसवून तिच्यावर इमेज उतरवावी, मशिन चालू करावे आणि दिवसभर त्याच्यावर काम करावे. प्रिंट काढावी, टॅली उघडावी, जुन्या फॉन्टातली फाइल पाहावी. पटले तर तीच डिस्क वापरात ठेवून जुनी कपाटात टाकावी. खर्च काही हजारांचा. ज्या लॅपटॉपची डिस्क मदरबोर्डवरच जडलेली असते त्यांना हे करता येत नाही. तिथे इमेज आभासी मशिनमध्ये उघडून पाहण्यावर समाधान मानावे लागते. ते अर्धेच समाधान आहे.

प्रत ठेवायची कुठे? तीन प्रती, दोन प्रकारची साधने, एक घराबाहेर, हा पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम सगळे सांगतात. त्यात मी एक अट घालीन: बाहेरच्या जागेचे संकट घरच्या संकटापेक्षा वेगळ्या जातीचे हवे. पन्हाळ्याला वीज, ओल आणि खचणारा रस्ता यांचे भय, पुराचे नाही. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते तेव्हा तळमजल्यावरच्या माणसाला वेगळेच भय असते. गडावरची प्रत कोल्हापुरात कोणाच्या तरी वरच्या मजल्यावर आणि कोल्हापूरच्याची गडावर, असा अदलाबदलीचा व्यवहार दोघांच्याही फायद्याचा आहे. शेजाऱ्याच्या घरी ठेवलेली प्रत मात्र एकाच वळवात दोन्ही घरांबरोबर जाऊ शकते. आणि डी ड्राइव्हवर ठेवलेली प्रत ही प्रत नाहीच. सी आणि डी बहुधा एकाच डिस्कच्या दोन खोल्या असतात.

किल्ली कोणाच्या खिशात

हा मुद्दा पाच-सात वर्षांपूर्वी घरच्या संगणकासाठी लिहावा लागला नसता. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नवे मशिन सुरू केले तर डिस्क सहसा आपोआप कुलूपबंद होते, होम आवृत्तीवरसुद्धा. रोजच्या वापरात ते जाणवत नाही. मदरबोर्ड बदलला, बायोस अद्ययावत झाले किंवा डिस्क दुसऱ्या मशिनला लावली, की निळ्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागितली जाते. ती त्या खात्यात साठवलेली असते.

आणि खाते कोणाचे? बहुतेकांच्या घरी मशिन दुकानातून ‘सेट करून’ येते. त्या गडबडीत खाते कधी दुकानातल्या पोऱ्याच्या ईमेलवर, कधी आता बंद पडलेल्या मोबाइल क्रमांकावर उघडलेले असते. म्हणजे घर आपले, कुलूप आपले, आणि किल्ली अशा माणसाकडे जो कधीच नोकरी सोडून गेला. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने जगभर सुमारे ८५ लाख विंडोज मशिन बंद पाडली. प्रत्येक मशिनवरचा उपाय एक फाइल पुसण्याइतका साधा होता; कित्येक ठिकाणी काम अडले ते या किल्लीपाशी. तिथे निदान पगारी माणसे होती.

याची उलट बाजूही आहे. चालू विंडोजमधून घेतलेली इमेज बहुधा कुलूप उघडून घेतलेली असते. तिच्यात तुमचे सगळे पासवर्ड आहेत. इमेजला स्वतःचा पासवर्ड द्यावा, आणि तो कुठे लिहिला ते घरात दोघांना ठाऊक असावे.

चार आक्षेप

पहिला आक्षेप सरळ आहे: आता सगळे क्लाउडवर आणि फोनवर असते, संगणक राहिलाय कुठे? ज्याचे खरोखरच सगळे तिथे आहे त्याने हा लेख इथेच सोडावा, माझी हरकत नाही. पण ज्याच्या घरी टॅली, डीटीपी, स्कॅनर किंवा सहीचे टोकन आहे, त्याचे काम क्लाउडवर गेलेले नाही, फक्त फोटो गेले आहेत. शिवाय क्लाउड सोबत चालतो: इथे पुसले की तिथेही पुसले जाते, इथली फाइल कुलूपबंद झाली की तिथेही तीच जाऊन बसते. जुन्या आवृत्त्या काही दिवस मिळतात. तेवढ्या दिवसांत लक्षात यायला हवे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. जुनी इमेज म्हणजे जुना रोगही. व्हायरस, कचरा, मंदपणा, सगळे परत येते, त्यापेक्षा कोरी विंडोज बरी. यात तथ्य आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या आधीची इमेज आज उतरवून थेट इंटरनेटला जोडणे शहाणपणाचे नाही. क्रॅक केलेली सॉफ्टवेअरे ज्या मशिनवर आहेत, त्याची इमेज तर रोगाचे लोणचे घालण्यासारखी आहे. स्टॉप जातीचा खंडणीखोर व्हायरस अशाच क्रॅकमधून घराघरांत शिरला. पण याने एवढेच ठरते की इमेज कधी घ्यावी. मशिन नवे असताना, सगळे प्रोग्रॅम बसवून झाल्यावर, कचरा साचण्याआधी एक. ती कायम ठेवावी. नंतर मोठ्या अपडेटच्या आदल्या दिवशी एक, कारण ऑक्टोबर २०१८ च्या विंडोज १० अपडेटने काहींच्या फाइलीच पुसल्या आणि कंपनीला ते मागे घ्यावे लागले. कोरी विंडोज बरी असे म्हणणाऱ्याला खरे तर कोरी घडी हवी असते, आणि ती पहिल्या इमेजमध्ये असते.

फॉरमॅटचा रिवाज आला कुठून, याचाही इथे विचार करावा. पायरेटेड विंडोज ९८ आणि एक्सपीच्या काळात मशिन सहा महिन्यांत मंदावे, आणि निदान करायला दुकानदाराला तीन तास लागत, फॉरमॅटला एक. गिऱ्हाईक निदानाचे पैसे देत नाही, फॉरमॅटचे देते. हा दर ठरून गेला आणि मग दराचे मत झाले. दुकानदाराला मी दोष देत नाही. त्याच्या जागी मीही हेच केले असते.

तिसरा आक्षेप जाणकारांचा: ॲपलनेच सिस्टीमचा बॅकअप सोडून दिला, मग आपण का धरून बसायचे? खरे आहे. २०२० च्या बिग सरपासून मॅकची सिस्टीम वेगळ्या मोहोरबंद विभागात असते आणि टाइम मशीन तिला घेत नाही; ती ताजी उतरवली जाते. पण दुसऱ्या विभागात काय असते पाहा: तुम्ही टाकलेले प्रोग्रॅम, सेटिंगे, फाइली, म्हणजे मी ज्याला घडी म्हणतो ती जवळजवळ सगळी. टाइम मशीन ती घेते आणि नव्या मॅकवर मांडूनही देते. ॲपलने सामाईक वस्तू आणि घरची घडी यांत रेघ ओढली, ती योग्य जागी ओढली. विंडोजवर ती रेघ नाही. तिथे सामाईक आणि खासगी एकाच रजिस्ट्रीत कालवलेले आहे, म्हणून अख्खी डिस्कच उचलावी लागते. लिनक्स मिंटचे टाइमशिफ्ट नेमके उलटे करते: सिस्टीमचे ठसे घेते, घरचे फोल्डर मुद्दाम सोडते. तिथे निर्धास्त राहणारा वेगळ्याच बाजूने फसतो.

चौथा आक्षेप घरातला आहे, आणि त्याला माझ्याकडे तात्त्विक उत्तर नाही: एवढे सगळे करणार कोण? करणारा बहुधा घरात एकच असतो, तो पुण्याला नोकरीला जातो, आणि मागे उरतात त्याने घेतलेल्या इमेजा, ज्या उतरवायच्या कशा हे कोणालाच माहीत नसते. मग बॅकअपचा शेवटचा भाग संगणकाबाहेर ठेवावा लागतो, कागदावर. आमच्याकडे तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. पेनड्राइव्ह कुठला आणि कुठल्या डबीत, बूट करताना कुठले बटण, इमेजची तारीख, डोंगल कुठे, किल्लीचे ४८ आकडे कोणत्या पासबुकाच्या कव्हरमध्ये, दुसरी डिस्क कोल्हापुरात ताईकडे, माळ्यावर. मागच्या पावसाळ्याआधी रिस्टोअर करून पाहिले ते पत्नीने, नुसता कागद वाचून. मी शेजारी गप्प बसलो होतो. एका ठिकाणी ती अडली, आणि तिनेच पेनने खाली ओळ वाढवली: ‘डिस्क दिसली नाही तर घाबरू नये, लाल पेनड्राइव्हमधला ड्रायव्हर आधी घालावा.’